हातातला बिनतारी सेट : आधी परवाना, मग खरेदी



अलीकडे गटावर आणि वजनकाट्यावर एक प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो. "पोराला तो पोलिसांसारखा हातातला वायरलेस सेट हवाय. दोन-अडीच हजारांत येतो म्हणतोय. घेऊन द्यावा का?" कुणी म्हणतो, पोराला नाद लागलाय. कुणी म्हणतो, ऊसतोडीच्या टोळीला निरोप द्यायला बरा पडेल. नदीकाठच्या गावचे सभासद म्हणतात, पुरात मोबाईल बंद पडतो, तेव्हा असलं काहीतरी घरात पाहिजे.

तीन माणसे, तीन कारणे आणि सेट मात्र एकच. पण या तिन्ही कारणांना एकच उत्तर देता येत नाही. थोडक्यात सांगायचे तर नादासाठी हा सेट चांगला आहे, मात्र परवाना हाती आल्यावर. ऊसतोडीच्या कामासाठी तो चालत नाही, त्याला वेगळी सोय आहे. आणि पुराच्या वेळी तो उपयोगी पडतो, पण नुसता सेट असून भागत नाही, तो चालवणारी तयार माणसे लागतात. हे सारे जरा सविस्तर पाहू.

हौशी रेडिओ म्हणजे काय?

आपला ट्रान्झिस्टर फक्त ऐकतो. आकाशवाणी बोलते आणि आपण ऐकतो. हौशी रेडिओमध्ये मात्र ऐकणाराही बोलतो. स्वतःच्या घरातून, स्वतःच्या सेटवरून तो दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या राज्यातल्या, प्रसंगी दुसऱ्या खंडातल्या माणसाशी बोलतो. मध्ये ना तार, ना मोबाईल कंपनी, ना महिन्याचे बिल. या मंडळींना जगभर 'हॅम' म्हणतात. हा धंदा नाही. शिकणे, प्रयोग करणे आणि अडीअडचणीला मदत करणे, एवढाच त्याचा हेतू.

आपल्या देशात याची परंपरा शंभर वर्षांवर गेली आहे. १९२१ साली कलकत्त्याचे अमरेंद्र चंद्र गुप्तू यांनी पहिले परवानाधारक केंद्र सुरू केले. १९३९ मध्ये महायुद्ध पेटल्यावर इंग्रज सरकारने हे परवाने रद्द केले. १९४२ च्या आंदोलनात मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. त्याचा प्रक्षेपक उभा करण्यामागेही नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओतल्याच जाणकाराचा हात होता. पुढच्या काळात राजीव गांधीही परवानाधारक हॅम होते. त्यांचे हाकनाव व्हीयू२आरजी असे होते.

हाकनाव म्हणजे कॉलसाइन. परवान्याबरोबर सरकार प्रत्येकाला एक हाकनाव देते. आपल्याकडची हाकनावे 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात. जसा आपल्या शेताचा गट नंबर एकच असतो, तसे जगात एका हाकनावाचा माणूस एकच असतो. ते ऐकले की ऐकणाऱ्याला कळते, बोलणारा कोण आणि कुठल्या देशाचा.

परवाना कसा मिळतो?

परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची बिनतारी शाखा देते. त्यासाठी एक परीक्षा द्यावी लागते. वय किमान बारा वर्षे पूर्ण हवे. मुलगा असो की मुलगी, सातवी-आठवीतले मूलही बसू शकते. दोन वर्ग आहेत. एक रिस्ट्रिक्टेड, दुसरा जनरल. नव्याने शिकणाऱ्याला रिस्ट्रिक्टेड पुरतो. त्यात मोर्सच्या 'कट्ट-कड' ची परीक्षा नाही. रेडिओची प्राथमिक माहिती आणि नियम या दोन विषयांवर प्रश्न असतात. विजेचा दाब, प्रवाह, रोध, कॉइल, कंडेन्सर, लहरींची लांबी असा अभ्यास. विज्ञान घेऊन दहावी झालेल्या मुलाला दोन-तीन महिने मन लावून वाचले तर अवघड नाही. मोटार रिवाइंड करणाऱ्या आपल्या वायरमन मंडळींना तर यातले निम्मे तोंडपाठ असते.

अर्ज दूरसंचार विभागाच्या 'सरल संचार' या संकेतस्थळावर भरता येतो. परीक्षा विभागाच्या मॉनिटरिंग केंद्रांमार्फत होते. मुंबई आणि नागपूरला अशी केंद्रे आहेत. फी आणि तारखा अर्ज भरतानाच पाहून घ्याव्यात. कुणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नये. अर्ज केल्यापासून परवाना हातात पडेपर्यंत काही महिने जातात, हे मात्र धरून चालावे.

आता मुद्द्याची गोष्ट. परवाना नसताना बोलणारा सेट नुसता घरात बाळगणेसुद्धा कायद्याला मान्य नाही. १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून ही अट चालत आली. २०२३ मध्ये संसदेने नवा दूरसंचार कायदा केला, त्यातही बिनपरवाना सेटला मोकळीक दिलेली नाही. "मी कुठं बोलतोय, नुसतं ऐकतोय" हे उत्तर चालत नाही, कारण त्या सेटला बोलण्याचे बटन आहे.

आणि घरपोच विकत मिळते म्हणजे कायदेशीर आहे, असेही नाही. ऑनलाइन दुकानांत वॉकीटॉकी बिनधास्त विकल्या जात होत्या. कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, परवाना लागतो की नाही, सरकारी मंजुरी आहे की नाही, याचा पत्ता नाही. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ ऑनलाइन विक्रेत्यांना नोटिसा काढल्या आणि असल्या विक्रीसाठी नियमावली लागू केली. तेव्हा विकणाऱ्याच्या भरवशावर राहू नये. बोगस बियाणे उगवले नाही तर नुकसान शेतकऱ्याचे होते, दुकानदाराचे नाही. इथेही तसेच आहे.

सेट एवढा स्वस्त कसा झाला?

पूर्वी हातातला सेट म्हणजे चैनीची वस्तू होती. यासू, आयकॉम, केनवुड या जपानी कंपन्यांचे सेट चांगले, पण किंमत आपल्या खिशाबाहेरची. त्या सेटमध्ये शेकडो सुटे भाग असत आणि प्रत्येक टप्प्यावर नको त्या लहरी गाळणाऱ्या चाळण्या बसवलेल्या असत.

मग चीनमध्ये रेडिओचे बहुतेक सगळे काम नखाएवढ्या एका चकतीत बसवले गेले. भोवती थोडे भाग, बॅटरी, छोटा पडदा आणि प्लॅस्टिकची पेटी, झाला सेट तयार. २०१२ च्या सुमारास आलेला बाओफेंग कंपनीचा यूव्ही-५आर हा त्यातला सगळ्यांत प्रसिद्ध. परदेशात तो वीस-तीस डॉलरला मिळू लागला आणि जगभरच्या नवशिक्यांच्या हातात पोचला. अलीकडे क्वानशेंगचा यूव्ही-के५ हाही तसाच नावारूपाला आला.

एवढ्या पैशात मिळते काय? यूव्ही-५आर दोन पट्ट्यांवर चालतो. १२८ फ्रिक्वेन्सी लक्षात ठेवतो. शक्ती चार-पाच वॅट, आणि बटन दाबून ती एक वॅटवर आणता येते. शिवाय एफएम रेडिओ आणि बॅटरी आहेच. आपल्याकडे हौशी मंडळींना १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे दिलेले आहेत. दोन्ही या सेटच्या आवाक्यात येतात. म्हणून नवशिक्याचा पहिला सेट म्हणून त्याचे नाव निघते.

पण स्वस्ताईची किंमतही मोजावी लागते. ती दोन ठिकाणी दिसते.

पहिली गोष्ट गळतीची. सेट १४५ वर बोलत असला तरी त्याच्या दुप्पट म्हणजे २९० वर आणि तिप्पट म्हणजे ४३५ वरही थोडी शक्ती सांडते. चांगल्या सेटमधल्या चाळण्या ती अडवतात. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे अशा लहान सेटची ही सांडलवंड मुख्य शक्तीच्या दहा हजाराव्या भागापेक्षा जास्त असता कामा नये. तिथल्या हौशी संघटनेने बाजारातले अनेक सेट तपासले, तेव्हा स्वस्तातले कित्येक या कसोटीला उतरले नाहीत. सगळेच नापास झाले असे नाही. एकाच नमुन्याचे दोन सेट घेतले तर एक चांगला आणि एक गळका निघू शकतो. आपल्या पाटाचे पाणी फुटून शेजाऱ्याच्या रानात जावे, तसे हे आहे. आपल्याला कळतही नाही, पण शेजाऱ्याचे पीक बसते.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. जवळ मोठा मनोरा किंवा जोरदार प्रक्षेपक असला की हे सेट गांगरतात आणि लांबचा बारीक आवाज दबून जातो. शहरात हा त्रास जास्त. आपल्या खेड्यापाड्यांत तो कमी जाणवतो, हा आपला फायदाच आहे.

याखेरीज एक धोका आहे तो चालवणाऱ्याकडून. हा सेट १३६ ते १७४ मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही लावता येतो आणि बटन दाबले की तिथे बोलतो. या टापूत पोलीस, इतर सरकारी खाती, समुद्रावरची जहाजे अशी कितीतरी मंडळी काम करत असतात. १५६.८ मेगाहर्ट्झ ही तर बुडणाऱ्या जहाजाने हाक मारायची जागा. पोराने गंमत म्हणून तिथे बटन दाबले तर ती गंमत राहत नाही. म्हणूनच परवाना आधी, सेट नंतर. परीक्षेला बसणाऱ्याला कुठे बोलायचे आणि कुठे नाही, हे पहिल्या आठवड्यात कळते.

किती लांब जातो?

डब्यावर दहा किलोमीटर लिहिलेले असते, वीसही असते. आठ वॅट, दहा वॅट असेही छापलेले असते. त्यावर जाऊ नये. या लहरी उजेडासारख्या साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये टेकडी आली की संपले. भिंती, झाडे, ओली पिके त्यांना शोषतात. तेव्हा अंतर ठरते ते शक्तीवर कमी आणि उंचीवर जास्त.

याचे एक सोपे गणित आहे. एरियलच्या उंचीचे मीटरमध्ये वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१ ने गुणा. उत्तर येईल तेवढे किलोमीटर लहरींचे क्षितिज. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातला सेट दीड मीटरवर असतो, त्याचे क्षितिज ५ किलोमीटर. सहा मीटर उंचीच्या माडीवर तोच सेट नेला की १० किलोमीटर. वीस मीटर उंच पाण्याच्या टाकीवर १८. शंभर मीटर उंचीच्या टेकडीवर ४१. दोघांच्या क्षितिजांची बेरीज केली म्हणजे जास्तीत जास्त अंतर मिळते. जमिनीवरचे दोघे असतील तर १०, आणि एक टेकडीवर व एक जमिनीवर असेल तर ४६.

हे झाले उघड्या माळाचे गणित. बारा फूट वाढलेल्या उसाच्या सरीत दोघे उभे राहिले तर दीड-दोन किलोमीटरवरच आवाज तुटू शकतो. तिथे एकाने बांधावरच्या टेकाडावर चढून पाहावे. जे काम पाच वॅटने झाले नाही, ते दहा फूट चढल्याने होते. एक वॅटची शक्ती पाच वॅट केली म्हणजे अंतर पाचपट होत नाही, जमिनीवर ते फार तर दीडपट वाढते. बॅटरी मात्र लवकर बसते.

याचा पुरावा आकाशात आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते. तिथले अवकाशवीर हौशी रेडिओवरून शाळांतल्या मुलांशी बोलतात, आणि त्यांचा आवाज १४५.८ मेगाहर्ट्झवर येतो. जुलै २०२५ मध्ये आपले शुभांशु शुक्ला तिथे होते, तेव्हा त्यांनीही हौशी रेडिओवरून बंगळूरच्या इस्रो केंद्रात जमलेल्या विद्यार्थ्यांशी संवाद केला. स्थानक डोक्यावरून जात असताना दहाएक मिनिटे हा आवाज साध्या हातातल्या सेटवर ऐकू येतो. उसाच्या फडात दोन किलोमीटरला अडणारा सेट चारशे किलोमीटरवरचे ऐकतो, कारण मध्ये काही अडथळा नाही.

लांबचे बोलायचे तर आणखी एक उपाय असतो. डोंगरमाथ्यावर हौशी मंडळींनी बसवलेले पुनःप्रक्षेपक, म्हणजे रिपीटर. हातातल्या सेटचा आवाज तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोराने पुढे पाठवतो. १४५ च्या पट्ट्यात या दोहोंमध्ये बहुधा ६०० किलोहर्ट्झचे अंतर ठेवतात. रिपीटर जागा व्हावा म्हणून कानाला न जाणवणारा एक खर्जातला सूर सेटमधून सोडावा लागतो. नवा सेट घेतला, बटन दाबले आणि कुणी उत्तर देत नाही, अशी तक्रार पुष्कळांची असते. त्यांनी हे अंतर आणि हा सूर लावला आहे का, ते आधी तपासावे. हे सारे सेटच्या बारीक बटनांवर भरणे जिकिरीचे असते. संगणक आणि एक वायर असेल तर 'चर्प' नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने अर्ध्या तासात काम होते.

घरच्या घरी एरियल

सेटबरोबर येणारी रबरी शेंडी ही खिशात मावावी म्हणून आखूड केलेली असते. ती सोयीची, पण कामाला कमी. परवाना मिळालेल्या मुलाने पुढचे पैसे दुसऱ्या सेटवर न घालता एरियलवर घालावेत. आणि ते घरीच करता येते.

हिशोब असा. ३०० ला मेगाहर्ट्झने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ३०० भागिले १४५ म्हणजे २ मीटर ७ सेंटिमीटर. त्याचा चौथा हिस्सा सुमारे ५२ सेंटिमीटर. तारेत लहर किंचित संथ चालते म्हणून पाच टक्के कमी करायचे, म्हणजे ४९ सेंटिमीटर. एवढ्या लांबीची तांब्याची जाड तार उभी, आणि तिच्या बुडाशी ५२ सेंटिमीटरच्या चार तारा छत्रीच्या काड्यांसारख्या चार दिशांना खाली कललेल्या. मधली तार सॉकेटच्या मधल्या टोकाला, चार तारा त्याच्या बाहेरच्या पत्र्याला. हे सगळे पीव्हीसी पाइपाच्या टोकाला बसवले की झाले एरियल.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, एरियलपासून सेटपर्यंतची केबल शक्य तितकी आखूड ठेवावी. बारीक केबल दहा मीटर वापरली तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त शक्ती वाटेतच जिरते. दुसरी, पाइप उभा करताना वरून विजेची तार जात नाही ना, हे पाहावे. पाइप आडवा पडला तरी तारेला लागणार नाही, एवढी जागा हवी. वळवाच्या दिवसांत गडगडाट सुरू झाला की केबल सेटपासून काढून घराबाहेर टाकावी. सेट पुन्हा घेता येईल, माणूस नाही.

केबल जोडण्यापूर्वी सेटवरचे टोक नर आहे की मादी, ते बघून घ्यावे. या चिनी सेटचे टोक बऱ्याचदा इतर सेटच्या उलट असते, आणि चुकीचा जोड आणल्यामुळे गावापासून तालुक्यापर्यंत फुकटचा हेलपाटा पडतो.

ऊसतोडीला वापरता येईल का?

नाही. हे स्पष्टच सांगितलेले बरे. हौशी परवान्यावर धंद्याचे बोलणे चालत नाही. "टोळी कुठल्या फडात आहे, ट्रॅक्टर निघाला का, स्लिपबॉयला पाठवा" हे सगळे धंद्याचे बोलणे झाले. त्यातून कुणाला पैसा मिळो वा न मिळो. परवाना नसलेल्या माणसाच्या हातात सेट देऊन त्याला बोलायला लावणे हेही चालत नाही. मुलाचा परवाना आहे म्हणून बापाने सेट रानात नेऊ नये. गाणी लावणे, सांकेतिक भाषेत बोलणे, हाकनाव न सांगता बोलणे, याही गोष्टी वर्ज्य.

मग शेतकऱ्याने काय करावे? त्याला वेगळी वाट आहे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या चिंचोळ्या पट्ट्यात चालणारे कमी शक्तीचे सेट सरकारने २०१८ च्या नियमांनी परवान्यातून मोकळे केले आहेत. मात्र तो सेट फक्त त्याच पट्ट्यात चालणारा आणि सरकारी मंजुरीचा असला पाहिजे. यूव्ही-५आर ४४६ वर लावला म्हणून तो परवानामुक्त होत नाही. या मोकळ्या सेटचा पल्ला थोडा, पिकात एखादा किलोमीटर धरावा. पण विहिरीवरचा माणूस आणि शेताच्या टोकाला दारं धरणारा माणूस यांना तेवढा पुरतो. त्याहून मोठे काम असेल तर रीतसर व्यावसायिक परवाना काढणे हाच मार्ग.

पुराच्या वेळी

ऑगस्ट २०१९ चा कृष्णा-पंचगंगेचा महापूर आणि जुलै २०२१ चा चिपळूण-महाडचा पूर आपण विसरलेलो नाही. अशा वेळी आधी वीज जाते, मग मोबाईलची बॅटरी, मग मनोऱ्याची. जे काही सांगायचे असते ते सांगायला वाटच राहत नाही.

अशा प्रसंगी हौशी मंडळी काय करू शकतात, याचे मोठे उदाहरण अंदमानचे आहे. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओचे पथक भारती प्रसाद यांच्यासह पोर्ट ब्लेअरला हौशी रेडिओचे केंद्र चालवत होते. २६ डिसेंबरला सकाळी भूकंप आणि त्यामागोमाग त्सुनामी आली. बेटांचा संपर्क तुटला. त्यांनी गप्पागोष्टी थांबवल्या आणि तेच केंद्र मदतीच्या कामाला लावले. अडकलेल्यांची खुशाली, मदतीचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोचू लागले. पश्चिम बंगालमधली हौशी मंडळी गंगासागरच्या यात्रेत हरवलेली माणसे घरच्यांना भेटवून देण्याचे काम करत आली आहेत, तेही याच साधनाने.

पण एक फरक नीट ध्यानात घ्यावा. अंदमानहून मुख्य भूमीशी बोलणे झाले ते मोठ्या सेटवरून, लांबच्या लहरींवर. त्या लहरी आकाशातल्या थरावर आपटून हजार-दीड हजार किलोमीटरवर उतरतात. हातातला सेट ते काम करू शकत नाही. त्याचे काम गावापुरते, फार तर तालुक्यापुरते. शाळेतल्या छावणीपासून बोटीपर्यंत, वाडीपासून गावच्या टाकीपर्यंत. साखळीतली ती शेवटची कडी आहे. ती हवीच, पण नुसती शेवटची कडी म्हणजे साखळी नव्हे.

म्हणून पुराच्या भीतीने सेट घेऊन कपाटात ठेवणे निरुपयोगी. ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी बॅटरी उतरलेली असेल, फ्रिक्वेन्सी भरलेली नसेल आणि पलीकडे ऐकणारा कुणी नसेल. त्यापेक्षा पंचक्रोशीत पाच-सहा परवानाधारक तरुण-तरुणी असतील, आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी एकमेकांना हाक मारत असतील, कुठल्या वाडीवरून आवाज जातो आणि कुठून अडतो हे त्यांनी वहीत टिपून ठेवले असेल, तर ती मंडळी तहसीलदारांना खरोखर उपयोगी पडतील. पावसाळ्यापूर्वी नाले साफ करतो, तशीच ही तयारी.

बॅटरीचेही गणित सांगतो. यूव्ही-५आर ची मूळ बॅटरी ७.४ व्होल्टची, १८०० मिलीअँपिअर-तासाची. पूर्ण शक्तीवर सलग बोलत राहिले तर तासाभरात रिकामी होते. नुसते ऐकत राहिले तर दिवस निघतो. म्हणून बोलणे थोडे आणि कमी शक्तीवर, ऐकणे जास्त. एक जादा बॅटरी जवळ असावी. ट्रॅक्टरच्या किंवा जीपच्या बॅटरीवर चार्ज करण्याचा जोड मिळतो, तो घेऊन ठेवावा. आणि सेट पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात टाकू नये, लिथियमची बॅटरी उष्णतेने खराब होते.

बोलण्याची रीत

सेटवर बोलणे हे फोनवर बोलण्यासारखे नाही. एका वेळी एकानेच बोलायचे. आधी मिनिटभर ऐकावे, कुणी बोलत नाही याची खात्री करावी. बटन दाबल्यावर क्षणभर थांबून मग बोलायला सुरुवात करावी, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. सेट तोंडापासून चार बोटे लांब धरावा आणि उभा धरावा, आडवा नाही. आपले हाकनाव सांगावे. ओरडू नये, ओरडल्याने आवाज फाटतो. बोलणे संपले की 'ओव्हर' म्हणून बटन सोडावे. पुराच्या वेळी आकडे दोनदा सांगावेत. "वीस माणसे, दोन शून्य" असे. वीस आणि तीस यांतला फरक खरखरीत कळत नाही, आणि बोट किती फेऱ्या मारणार ते त्यावरच ठरते.

परवाना येईपर्यंत काय?

मुलाला तोवर दम धरवत नसेल तर त्याला ऐकू द्यावे. त्यासाठी सेट लागत नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाने एक रेडिओ इंटरनेटला जोडून ठेवला आहे. तो मोबाईलवरून कुणीही फुकट फिरवून जगभरचे हॅम ऐकू शकतो. बोलण्याची ढब, हाकनावे, इंग्रजी अक्षरांचे उच्चार कानावर पडतात. महिनाभर ऐकूनही नाद टिकला तर तो खरा नाद समजावा आणि परीक्षेचा अर्ज भरावा. आठवड्यात कंटाळा आला तर दोन-अडीच हजार वाचले.

ध्यानात ठेवण्यासारखे

१. परवाना हाती येण्यापूर्वी सेट विकत घेऊ नये, कुणाचा उसना आणून घरात ठेवू नये.

२. घेताना सरकारी मंजुरी आहे का ते विचारावे, पक्की पावती घ्यावी. डब्यावरच्या वॅट आणि किलोमीटरवर विश्वास ठेवू नये.

३. घेतल्यावर एखाद्या अनुभवी हॅमकडून त्याची गळती तपासून घ्यावी. सेट गळका निघाला तर तो बोलायला वापरू नये.

४. १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ या पट्ट्यांबाहेर बटन दाबू नये.

५. जादा पैसे असतील तर एरियल आणि जादा बॅटरीवर घालावेत.

६. ऊसतोड, वाहतूक, खरेदी-विक्रीचे बोलणे या सेटवर करू नये.

सभासदांच्या घरातली मुले आज ट्रॅक्टर दुरुस्त करतात, ठिबकचे संच बसवतात, मोबाईल खोलून जोडतात. बिनतारी विद्या त्यांना जड नाही. त्यांना सेट घेऊन देण्याआधी पुस्तक घेऊन द्या, आणि परीक्षेला मुंबई-नागपूरला जायचे भाडे द्या. ज्या सभासदांच्या मुला-मुलींना हा अभ्यास करायचा असेल त्यांनी आपापल्या गट कार्यालयात नाव सांगावे. एका गटात चार-पाच जण झाले तर एकत्र बसून अभ्यास करता येईल आणि एकाच वेळी अर्ज भरता येतील. पुढच्या पावसाळ्यापर्यंत आपल्या कार्यक्षेत्रात थोडी जरी हाकनावे उभी राहिली, तरी नदीकाठच्या गावांना त्याचा आधार होईल.